मावशीकडची पिल्लं

सहलीचं नियोजन म्हटलं की विज्ञानाच्या बाईंच्या अंगात यायचं. या वेळी त्यांनी प्रयोगशाळेतला अख्खा फळा अडवला होता. ‘पुसाल तर माझ्याशी गाठ आहे’ असा दम वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता, आणि खाली परदेशातला एकेक दिवस चौकटी आखून मांडला होता. सकाळी तिथल्या गावकऱ्यांकडून ढोल शिकायचा, चटया विणायच्या. दुपारी गावच्या शाळेची भिंत रंगवायची, रोपं लावायची. आणि संध्याकाळी जंगलाच्या कडेला असलेल्या अनाथ पिल्लांच्या केंद्रात जायचं. जंगलातल्या सोनेरी माकडांची पोरकी झालेली पिल्लं तिथं सांभाळतात, त्यांना बाटलीनं दूध पाजायचं. खरं सांगायचं तर सगळी सहल या शेवटच्या ओळीसाठीच होती. ढोल काय, चटया काय, सगळं तोंडी लावायला. ‘संस्कृती’ आणि ‘सेवा’ असे शब्द कानावर पडले की पालकांना बरं वाटतं, पण पोरांना माकडाचं पिल्लू हवं असतं.

पहिली सहल तीन वर्षांपूर्वी गेली होती, आणि शाळेत तिचं नाव अजून निघायचं. जिन्याच्या वळणावर तिचा हा मोठा फोटो लावलेला. प्रत्येक मुलाच्या कुशीत एकेक पिल्लू, प्रत्येक पिल्लापुढे बाटली. शाळा बघायला कोणी आलं की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पाहुण्यांना आधी तिथंच उभं करायच्या.

फोटोत बाईंबरोबर चित्रकलेचे सरही होते. सरांच्या तोंडाला कुलूप नाही. केंद्र चालवणाऱ्या पिकल्या केसांच्या प्रेमळ बाईला पहिल्याच दिवशी ‘मावशी’ करून टाकलं ते त्यांनीच. एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले? पिल्लांना आई नाही, पण अशी मावशी आहे, म्हणून ‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण त्यांनी पोरांना चालीवर म्हणायला शिकवली. आठवडाभर बसमध्ये तेच गाणं. मावशींना अर्थ कळत नव्हता, पण पोरं गायला लागली की त्या टाळ्या वाजवायच्या.

आता बाईंचं एक तत्त्व सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यापायीच घडलं. वर्गात एकाला मिळालं ते सगळ्यांना मिळालंच पाहिजे. खडू एकच उरला असेल आणि मुलं चार असतील, तर बाई खडूचे चार तुकडे करायच्या, आणि तेही सारखे. एखाद्या मुलाच्या वाट्याला कमी आलं तर त्यांना घास गोड लागायचा नाही. आणि याच तत्त्वाची दुसरी बाजू अशी, की स्वतःची लेक वर्गात असेल तर तिचा नंबर सगळ्यात शेवटी. शिक्षकाच्या पोराला पुढे केलं की लोक बोलतात, आणि लोकांनी बोललेलं बाईंना खपत नसे.

त्या पहिल्या सहलीत लेकही होती. लहानपणी दोन्ही गाल भरभरून खायची, म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं ते कायमचं. पिल्लं वाटली गेली आणि एक पोर रिकामं उरलं. ते नेमकं बाईंचं. खारू तशी रडणाऱ्यातली नव्हे, पण त्या संध्याकाळी तिनं जेवणाचं ताट पुढे सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बाईंचं काळीज तुटलं. दुसऱ्याच्या पोराला कमी पडलं असतं तर त्यांनी सगळं केंद्र डोक्यावर घेतलं असतं. इथं पोर स्वतःचं, म्हणून बोलायची चोरी. शेवटी न राहवून त्या मावशींच्या कानाशी लागल्या. म्हणाल्या, एखादं पिल्लू अजून असतं तर बरं झालं असतं हो, एकही मूल रिकाम्या हातानं परत जाऊ नये असं वाटतं. मावशींनी त्यांचा हात थोपटला, म्हणाल्या, बघते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू हजर. आदल्या रात्रीच सापडलं म्हणे. बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात ती अशी, असं बाई पुढे कितीतरी जणांना सांगत आल्या.

बाकीची पिल्लं बाटली दिसली की झडप घालायची. हे मात्र तोंडच उघडेना. खारूनं ते सदऱ्याच्या आत पोटाशी धरलं आणि कोपऱ्यातल्या खोलीत दिवसभर बसून राहिली. ढोल नाही, चटई नाही, जेवणाचीही शुद्ध नाही. दिवेलागणीला त्यानं पहिला घोट घेतला, तेव्हा पोरगी धावत बाहेर आली. आईच्या गळ्यात पडून म्हणाली, वाचवलं गं मी त्याला. त्याआधी खारू लोळण्यात पटाईत होती, अभ्यासाशी उभा दावा. त्या दिवसानंतर जी बसली ती बसलीच, आणि आता प्राण्यांच्या डॉक्टरकीला पहिल्या वर्षाला होती. एका पिल्लानं माझी पोर माणसात आणली, असं बाई म्हणायच्या, आणि म्हणताना दर वेळी त्यांचे डोळे भरायचे. या सहलीला खारू मदतनीस म्हणून जाणार होती.

तर त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई आणि सर प्रयोगशाळेत संगणक उघडून बसले. पलीकडे मावशी. केस आणखी पिकलेले, खांद्यावर एक पिल्लू, मागे तोच निळा दरवाजा. दोन्हीकडून परक्याच भाषेत बोलायचं, त्यामुळे एकेक वाक्य जपून टाकावं लागे, पण इतक्या वर्षांत एकमेकींचं बोलणं अंगवळणी पडलं होतं. ख्यालीखुशाली झाली, भिंतीचा रंग ठरला, ढोल वाजवणाऱ्याला यंदा नातू झाला तेही कळलं. मग बाईंनी मनातली काळजी काढली. या वेळी मुलं दुप्पट आहेत. पिल्लं कमी पडतील, तेव्हा आधीच गट पाडून पाळ्या लावते, म्हणजे कोणावर अन्याय नको.

“पाळ्या कशाला?” मावशी म्हणाल्या. “तुम्ही तारखा तेवढ्या लवकर कळवा. पिल्लं असतील.”

सरांनी टेबलावर थाप मारली. बाईंनाही हायसं वाटलं. त्या उठल्या, फळ्यावर ‘पिल्लं’ या शब्दापुढे बरोबरची खूण करायला गेल्या, आणि खडू तिथंच थांबला.

वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं की डोक्याला एक खोड लागते. कोणी काही म्हटलं की ‘कशावरून?’ असं आपोआप मनात येतं. पिल्लं असतील, कशावरून? पोरकं होणं म्हणजे काय आंब्याला मोहोर येणं आहे, की आधी सांगता यावं? कुठली माकडीण कधी मरणार, हे मावशींना आत्तापासून कसं ठाऊक? बाई वळल्या आणि त्यांनी हेच विचारलं, अगदी हसत विचारलं, कारण आपलीच समजूत कुठंतरी चुकते आहे याची त्यांना खात्री होती.

मावशींनी खांद्यावरचं पिल्लू खाली उतरवलं आणि समजावून सांगितलं. त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, घाई नव्हती. पाहुण्यांना अंथरूण-पांघरूण पुरेल ना, हे सांगावं तसं त्या सांगत होत्या. आमची माणसं जंगलात जातात, त्यांना थोडे दिवस आधी कळलेलं बरं. फार लहान आणली तर बाटली धरत नाहीत, फार मोठी आणली तर मुलांना चावतात. मागच्या वेळची अगदी बेताची होती, नाही का?

सर अजून हसतच होते. मग त्यांचं हसू हळूहळू उतरत गेलं.

“आणि त्यांच्या आया?” बाईंनी विचारलं.

हे विचारायची खरं तर गरज नव्हती. माकडाचं पिल्लू पहिले कित्येक महिने आईच्या पोटाला चिकटलेलं असतं, झोपेतसुद्धा त्याची मूठ सुटत नाही, हा धडा बाई दरवर्षी सातवीला शिकवत आल्या होत्या. फळ्यावर चित्र काढून शिकवत आल्या होत्या. आई जिवंत असताना ते पिल्लू कोणाच्या हाती लागत नाही.

पलीकडे मावशी गोंधळल्या. त्यांनाही धक्काच बसलेला दिसला.

“तुम्हाला माहीत नव्हतं?” त्या म्हणाल्या. “तुमच्या मुलीसाठी तर मी त्याच रात्री माणसं धाडली होती. ती माकडीण काही केल्या सोडेना. आमच्या एकाचा हात फाडला तिनं. शेवटी मारावी लागली.” आणि मग काहीतरी गोड बोलून विषय संपवावा म्हणून त्यांनी विचारलं, “पण मुलगी खूश झाली ना?”

“हो,” बाई म्हणाल्या.

हे ‘हो’ कुठून आलं ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. चांगल्या घरच्या माणसाला कोणी आपुलकीनं विचारलं की तोंडातून जे निघतं, ते निघालं. मग सरांनीच हात लांब करून संगणक मिटला. मावशींचा निरोपसुद्धा घेतला नाही. बाई जवळच्या स्टुलावर टेकल्या. त्यांना रडू येत नव्हतं, राग येत नव्हता, काहीच येत नव्हतं. समोर फळ्यावर सहल मांडलेली होती, त्यांच्याच वळणदार अक्षरात, आणि ती त्यांना वाचता येईना.

“मी गाणं म्हणून घेत होतो पोरांकडून,” सर म्हणाले. “माय मरो.” मग दोनदा खाकरले आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मोठ्या बाईंच्या खोलीकडे जाताना जिन्याचं वळण लागतंच. फोटोसमोर बाईंचे पाय थबकले. इतकी वर्षं येता-जाता बघितलेला फोटो. सगळी पिल्लं एकाच मापाची होती. अपघातानं पोरकी झालेली पोरं कधी अशी असतात का? एखादं तान्हं असतं, एखादं थोराड, एखादं लंगडं. ही तर खडूच्या तुकड्यांसारखी सारखी होती. इतकी वर्षं आपले डोळे काय गहाण पडले होते का, असं बाईंच्या मनात आलं. आणि कडेला खारू, तिच्या सदऱ्यातून डोकावणारं ते पिल्लू. सगळ्या पिल्लांची तोंडं बाटलीकडे, याचं एकट्याचं तोंड मागे वळलेलं. पाहुण्यांना फोटो दाखवताना बाई म्हणायच्या, हे जरा लाजाळू आहे.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. बराच वेळ त्या नुसत्या ‘अरे देवा, अरे देवा’ करत होत्या. मग मुख्याध्यापिका जागी झाली. सहल रद्द, त्यात प्रश्नच नाही. केंद्राशी संबंध तोडायचा, फोटो आजच्या आज उतरवायचा. पण पालकांना हे सांगितलं तर आधीच्या सहलीची मुलं आहेत, त्यांच्या मनावर काय होईल? त्यापेक्षा तिथं कसलीशी साथ आली म्हणू. कोण तपासायला जातंय?

“आणि तुमच्या मुलीला यातलं अवाक्षर कळता कामा नये,” त्या म्हणाल्या. “तिचं सगळं उभं राहिलंय ते त्या पिल्लावर.”

बाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. घरी जाताना रस्ताभर त्यांनी तेच एक वाक्य घोकलं. साथ आली आहे, सहल रद्द. साथ आली आहे, सहल रद्द. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारलेली बाई, आणि आता शिकाऊ चोरासारखी पाठांतर करत चाललेली. पण लेकीच्या सुखापुढे खरं-खोटं काय घेऊन बसलात, अशी त्या स्वतःचीच समजूत घालत होत्या.

घरात शिलाई मशीनचा आवाज चालू होता. पुढच्या खोलीत जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे चादरींचे तुकडे. खारू झोळ्या शिवत होती. पिल्लू पोटाशी बांधायच्या झोळ्या, आतून मऊ कापडाच्या, वरून दोन बंद. आतल्या खोलीत तिचे बाबा लेकीनं आखून दिलेल्या रेघांवरून जुन्या चादरी कापत होते आणि तिथूनच तक्रार करत होते, की माकडांच्या कृपेनं या वर्षी आपण उघड्यावर झोपणार, घरात धड पांघरूण राहिलं नाही. खारूनं एक झोळी स्वतःच्या पोटावर बांधून आत गुंडाळलेला टॉवेल घातला होता. मापासाठी. आईला बघून ती उठून उभी राहिली आणि गिरकी घेऊन दाखवली.

“बघ, दोन्ही हात मोकळे राहतात,” ती म्हणाली. “बाटलीपेक्षाही त्यांना पोट हवं असतं गं. या वेळी कोणाचंच पिल्लू उपाशी राहणार नाही.”

बाईंनी घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं. साथ आली आहे, सहल रद्द. तोंडपाठ होतं, एकही शब्द चुकला नाही.

त्यांना वाटलं होतं, पोर हिरमुसेल, दोन दिवस रुसेल, मग विसरेल. आईला आपली लेक पुरती ओळखते असं वाटतं, तिथंच घोडं पेंड खातं. खारूचा चेहरा पांढरा पडला. साथ? पिल्लांमध्ये? मग तर मावशी एकट्या पडल्या असतील. तिनं मशीनवरून फोन उचलला. म्हणाली, मुलांची सहल रद्द करा, पण मी जाणार, मिळेल त्या विमानानं जाणार. असल्या वेळी नाही जायचं तर मी शिकतेय कशासाठी? मावशींना आत्ताच विचारते, कितीजण आजारी आहेत. आणि ती नंबर शोधायला लागली.

बाईंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

“साथ नाही,” त्या म्हणाल्या. “बस खाली.”

आणि त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्या, काही न गाळता सांगितलं. तारखा लवकर कळवायच्या म्हणजे काय, सगळी पिल्लं एकाच मापाची कशी, आईच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू हाती कसं लागतं. खारू ऐकत होती. तिला समजायला वेळ लागला नाही, ती याच विषयाचं शिकत होती. ती टॉवेल भरलेली झोळी तशीच पोटाला बांधून बसली होती आणि तिचा हात सवयीनं त्याच्याखाली आधाराला गेला होता.

“माझ्या पिल्लाची आई?” तिनं विचारलं.

“आदल्या संध्याकाळपर्यंत जिवंत होती.”

“मग त्याला का आणलं? माझा नंबर तर गेला होता.”

इथं बाईंना पळवाट होती. मावशींनी आणलं, एवढं म्हणून सुटता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

“मी मागितलं,” त्या म्हणाल्या. “तू जेवली नव्हतीस.”

खारू आईकडे बघत राहिली. शाळेतून आलेल्या, बोटांना खडूची पूड लागलेल्या त्या बाईला ती पहिल्यांदाच बघत असावी, तशी. मग ती झोळीचे बंद सोडायला लागली. गाठ सुटेना. बाई पुढे झाल्या, त्यांनी हात लावायच्या आत ती मागे सरकली, भिंतीला टेकली. आतून बाबांनी विचारलं, ही फुलाफुलांची चादर कापू की राहू दे?

“त्या खोलीला दार होतं,” खारू म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, धडा वाचून दाखवावा तसा. “जंगलाच्या बाजूचं. ते सारखं त्या दाराकडे तोंड करून ओरडत होतं. दिवसभर. मला वाटलं, त्याला थंडी वाजतेय.”

बाईंना पुढचं ऐकायचं नव्हतं.

“मी दार लावून घेतलं, आई. मग ते गप्प झालं, आणि दूध प्यायला लागलं.”

गाठ अजून सुटली नव्हती. टॉवेल तसाच तिच्या पोटाशी होता.